बोरीच्या झाडाचा बिल्ला

सौदीत काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी खरं तेच सांगतो, झाडं वाढवत होतो. मग समोरचा माणूस हसतो. वाळवंटात कसली झाडं? माझ्या सासऱ्यांनीही लग्नाच्या वेळी जावई माळी आहे हे कुणाला कळू दिलं नाही. 'कंपनीत आहे' एवढंच सांगत राहिले. तेही काही खोटं नव्हतं. दम्मामच्या बाहेर परदेशी इंजिनियरांची एक भिंतीआतली वसाहत होती. दोनशे घरं, पोहण्याचा तलाव, टेनिसचं मैदान, आणि या सगळ्याला सावली हवी म्हणून एक बागखातं. मी त्या खात्याचा सुपरवायझर. हाताखाली अठरा माणसं आणि डोक्यावर एक ब्रिटिश साहेब. हे सगळं लिहायला बसलोय ते त्या साहेबांमुळे.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं, तिकडे झाडं तहानेनं मरतात. तहानेनं मरणारी थोडी. बहुतेक मिठानं मरतात. विहिरीचं पाणी मचूळ. ते रोज थोडं थोडं घातलं की पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ मुळाशी साठत राहतं. नवा माळी मायेनं रोज तांब्या तांब्या घालतो आणि महिन्याभरात झाड मारून मोकळा होतो. जाणता माळी आठवड्यातून एकदा टँकरचं गोडं पाणी भरभरून सोडतो, सगळं मीठ मुळांच्या खाली ढकलतो आणि मग आठ दिवस हात बांधून बसतो. पहिल्या वर्षी मी चाळीस कडुनिंब असे मायेनं मारले. तेव्हा कुणी मला काढून टाकलं नाही, याचं अजून नवल वाटतं.

तर आमचं सगळं त्या टँकरवर. मोठी झाडं थंडीत एखादा आठवडा कळ काढतात. रोपवाटिकेतल्या पिशव्यांमधली रोपं तिसऱ्या दिवशी मान टाकतात.

साहेबांचं नाव ट्रेव्हर. वेल्सचे, साठीला आलेले, उंच आणि थोडे वाकलेले. आधी त्यांच्या मुलखातल्या जंगलखात्यात होते. बाकीचे साहेबलोक मुलांच्या शाळा सुटल्या की जुलैत सुट्टीला जायचे. हे मात्र दरवर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाणार म्हणजे जाणारच, मग कुणीही आडवं येवो. दर आठवड्याला त्यांना टपालाचा जाडजूड गठ्ठा यायचा. दुपारच्या सुट्टीत ते कचेरीबाहेरच्या बोरीखाली खुर्ची टाकून एकेका पत्राला हातानं उत्तर लिहायचे. ऑफिसात अंदाज होते. घटस्फोटाची केस चालू आहे, हा सर्वात लोकप्रिय.

एकदा मी धीर करून विचारलंच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कासिम, मी ड्रुइड आहे. आमची एक साठ-पासष्ट माणसांची मंडळी आहे, तिचा मी सध्या प्रमुख आहे. जूनमध्ये सर्वात मोठा दिवस असतो तेव्हा आम्ही जमतो. म्हणून मी जातो."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की फार पूर्वी त्यांच्या देशात ड्रुइड नावाचे जाणते लोक होते, ते झाडांच्या राईत जमायचे, न्यायनिवाडा करायचे, मुलांना शिकवायचे. "त्यांनी लिहून काहीच ठेवलं नाही," ते म्हणाले, "त्यामुळे आम्ही आजचे लोक बरंचसं अंदाजानं करतो. अंदाज कुणाचा बरोबर, यावरच निम्मी पत्रं असतात."

मी मुसलमान माणूस. पाचही नमाज वेळेवर होतात असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण झाडाची पूजा वगैरे ऐकलं की अंगावर काटा येतो. मी तसं बोललो. त्यांना राग आला नाही. "पूजा इतर कुणी करत असतील. मी झाडाखाली बसून खोटं बोलत नाही, एवढंच माझं. तेवढं जमायला मला चाळीस वर्षं लागली."

त्यांचा पांढरा झगा वेल्समध्ये कपाटात होता. तो त्यांनी सौदीत कधी आणला नाही, तिथे कधी कुठला विधी केला नाही. पाहुण्यानं घरच्यांचे नियम पाळावेत, असं त्यांचं म्हणणं. पण पत्रं येतच होती. ड्रुइडांचा प्रमुख म्हणजे दाढीवाला, काठीवाला कुणी सिद्धपुरुष असेल अशी तुमची कल्पना असेल तर सांगतो, ते काम हुबेहूब आमच्या गावच्या मशिदीच्या जमातीच्या सेक्रेटरीचं आहे. एका बाईंची तक्रार, की अमक्याचा झगा नायलॉनचा आहे. दुसऱ्याची, की तमका गृहस्थ जमायला येताना कुत्रा आणतो आणि तो कुत्रा नेमका मंत्राच्या वेळी भुंकतो. दोन बहिणी दोन वर्षं बोलत नव्हत्या, कारण शेकोटी कुणी पेटवायची यावर भांडण. मध्येच एखादं पत्र यायचं की बायको गेली, मातीच्या वेळी दोन शब्द बोलायला याल का. त्या पत्राला ते सर्वात आधी उत्तर लिहायचे, आणि त्या दिवशी जेवण तसंच राहायचं. पगार नाही, मान थोडा, शिव्या भरपूर. आमच्या सेक्रेटरींना हे वाचून बरं वाटेल.

त्यांच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण शेवटी सगळं तिच्यावरच येतं. जमलेली माणसं गोल उभी राहतात. प्रमुख तलवार म्यानातून अर्धी उपसतो आणि पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चारही बाजूंना एकेकदा विचारतो, शांतता आहे का? त्या त्या बाजूच्या माणसानं 'आहे' म्हटलं की पुढची बाजू. चारही 'आहे' आले की तलवार परत म्यानात, आणि मग काम सुरू. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी सगळं थांबतं. आधी त्याचं ऐकायचं.

"असं कधी कुणी म्हणतं?" मी विचारलं.

"एकदाच. कुत्र्यावरून. दोन तास पावसात उभे होतो."

आता बिल्ल्यांचं. त्यांच्या मंडळीत प्रत्येकाकडे एक झाड असतं, त्याची देखभाल त्यानंच करायची. ती चाल त्यांनी आमच्या बागेत आणली. अठरा माणसांनी आपापलं एक झाड निवडलं. आमच्यात कुणी बंगाली, कुणी मलबारी, कुणी नेपाळी, कुणी पठाण. निम्म्यांना कुठलीच लिपी येत नव्हती. म्हणून साहेबांनी जुन्या ड्रुइडांच्या रेघोट्यांची युक्ती काढली. पत्र्याची गोल चकती, तिच्यावर एक उभी रेघ. रेघेच्या डाव्या बाजूला आडव्या रेघोट्या, त्यावरून झाडाची जात. उजव्या बाजूच्या रेघोट्यांवरून ओळ कितवी. खाली टिंबं, म्हणजे ओळीतलं झाड कितवं. एक बिल्ला झाडाला, त्याचा जोड माणसाच्या खिशात. पंधरा दिवसांत निरक्षर माणसं असा बिल्ला बघून अंधारातही बरोबर झाडापाशी जायला लागली. माझं झाड कचेरीबाहेरची ती जुनी बोर. ती वसाहतीच्याही आधीची, कुठल्याच ओळीत नव्हती. म्हणून माझ्या बिल्ल्यावर डावीकडे एक रेघोटी, बाकी कोरा.

आणि इथे माझी जीभ घसरली. ड्रुइड म्हणजे काय, असं माणसं विचारायची. मी गंमत म्हणून सांगून टाकलं, "अरे, आपल्याकडे भगत असतो ना, तसा. झाडांचा भगत." कोकणातला भगत म्हणजे भूत उतरवणारा, अंगारा देणारा. हसणारे हसले. पण चेष्टेत बोललेलं चेष्टेतच राहतं असं नाही.

नव्वदच्या ऑगस्टात कुवेतवर हल्ला झाला. ज्यांची बायकापोरं सौदीत होती त्यांनी ती देशाला पाठवली, मीही पाठवली. साहेबलोक एकेक करून निघाले. ट्रेव्हर साहेबांच्या मंडळीनं त्यांना पत्रावर पत्र लिहिलं की प्रमुखानं अशा वेळी आपल्या माणसांत असावं. त्यांनी उत्तर काय लिहिलं ते मला दाखवलं. 'माझी अठरा माणसं इथेही आहेत, आणि त्यांना स्वतःच्या मर्जीनं जाता येत नाही.' ते खरंच होतं. कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, सहीशिवाय आम्हाला कुठे हलता येणार?

जानेवारीत लढाई पेटली. खिडक्यांना चिकटपट्ट्या, प्रत्येकाला विषारी वायूपासून बचावाचा रबरी मुखवटा, सायरन झाला की तो घालून बसायचं. वर आकाशात काहीतरी फुटायचं आणि दारं खडखडायची. आम्हाला भीती वाटत नव्हती असं जे कोणी लिहितात त्यांचं मला कौतुक वाटतं. मला वाटत होती.

टँकरचा ड्रायव्हर हनीफ. रत्नागिरीकडचा, चाळिशीचा, अबोल, गाडीला स्वतःच्या बैलासारखी जपणारा. पाणी शुद्ध करण्याचा कारखाना शहराच्या पलीकडे, हवाई तळाच्या बाजूच्या रस्त्यानं जावं लागायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी तो टँकरच्या पायरीवर बसून राहिला.

"कासमभाय, मी नाय जानार. मना दोन पोरी हायत. रॉकेट काय मानूस बगून पडतंय?"

मी समजावलं, रागावलो, कंपनीचं नाव घेतलं. तो हलेना. रोपवाटिकेत सहा हजार रोपं, पिशव्या कोरड्या पडलेल्या. तेव्हा मी जे केलं ते आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहितोय. मी खिशातून माझा बोरीचा बिल्ला काढला, सुतळीत ओवला आणि त्याच्या गळ्यात घातला.

"साहेबांनी मंतरलाय. सगळ्या माळ्यांकडे आहे, बघ. एकाला तरी काही झालं? हा गळ्यात असेतोवर रॉकेट लागत नाही."

त्यानं बिल्ला हातात धरून बराच वेळ बघितला. मग उठला आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी पाणी आलं. पुढचे तीन दिवसही आलं. रोपं वाचली आणि मी स्वतःवर खूश होतो. खोटं बोलून काम झालं की माणूस किती लवकर विसरतो!

पाचव्या दिवशी टँकर आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला अबू फहद स्वतः आमच्या बागेत आले. हे आमच्या कंपनीचे सौदी मुदीर, म्हणजे मॅनेजर. अल हसाच्या खजुरीच्या मळ्यात वाढलेले, सत्तरीच्या घरातले, कमी बोलणारे. इंग्रजी सलाम-दुव्यापुरतं. त्यामुळे साहेबांशी बोलायचं असलं की मधे दुभाषा मीच.

कचेरीच्या खिडक्या-दारं पट्ट्या लावून बंद, आत कोंदट. ते बाहेरच बोरीखाली बसले. साहेब त्यांच्या समोर. मी मधे उभा.

लष्कराच्या तपासणी नाक्यावर हनीफला झडतीसाठी उतरवलं होतं. गळ्यात विचित्र रेघांचा पत्रा निघाला. हे काय, असं विचारल्यावर त्या भोळ्या माणसानं खरं तेच सांगितलं: आमच्या साहेबाचा तावीज आहे, यानं रॉकेट लागत नाही. लढाईचे दिवस. एक तर ती शत्रूची काही खूण असेल, नाहीतर जादूटोणा. आणि जादूटोणा म्हणजे त्या मुलखात चेष्टेचा विषय नव्हे, त्यात माणसाचं आयुष्य जातं. नाक्यावरचा अधिकारी भला निघाला. टँकरवर कंपनीचं नाव बघून त्यानं अबू फहदना निरोप दिला होता, बिल्लाही सोबत पाठवला होता. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजापर्यंत मला समजेल असं उत्तर द्या, नाहीतर मला हे वर पाठवावं लागेल, ड्रायव्हरलाही आणि साहेबालाही.

 अबू फहदनी तो बिल्ला खिशातून काढून आपल्या मांडीवर ठेवला.

"त्याला विचार," ते मला अरबीत म्हणाले, "तो रॉकेट अडवतो का?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "नाही. अडवता आलं असतं तर ऑगस्टातच सुरुवात केली असती."

मी ते सांगितलं. मुदीर हसले नाहीत. "स्वतःच्या देशात हा कोण आहे?"

आता ड्रुइडला अरबीत काय म्हणायचं? एक शब्द चुकला असता तर साहेब गेले असते. मी शब्द शोधायचं सोडून दिलं आणि काम सांगितलं. म्हटलं, हे आपल्या माणसांची लग्नं लावतात, मयताला जाऊन बसतात, भांडणं मिटवतात, पत्रांना उत्तरं देतात, पैसे घेत नाहीत. आणि कुठलंही काम सुरू करण्याआधी चारही बाजूंना विचारतात की सलाम, म्हणजे शांतता, आहे का.

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर काम थांबतं. आधी त्याचं ऐकतात."

अबू फहदनी दाढीवरून हात फिरवला. "माझे वडील मळ्यात पाण्याच्या पाळ्या वाटायचे," ते म्हणाले, "तेही असंच करायचे." मग म्हणाले, "आता या रेघा."

मी बिल्ल्यांचा डबा आणला. त्यांनी हात घालून एक बिल्ला उचलला आणि समोर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बंगाली माळ्याला बोलावून दिला. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. त्यानं रेघोट्या मोजल्या, बोटांवर टिंबं धरली, तिसऱ्या ओळीत गेला आणि एका कडुनिंबाला हात लावून उभा राहिला. मुदीर उठून गेले, झाडावरचा बिल्ला हातातल्याशी ताडून पाहिला. दुसरा बिल्ला, दुसरा माळी. तोही बरोबर. मला वाटलं, सुटलो.

मुदीर परत येऊन बसले आणि हनीफच्या गळ्यातला बिल्ला पुढे केला. "हे कुठलं झाड?"

"तुम्ही बसला आहात तेच," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून बोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे झाडाचे नंबर आहेत, हे मला पटलं. पण ड्रायव्हरला झाडाचा नंबर कशाला? आणि तो तावीज आहे असं त्याला कुणी सांगितलं? साहेबाला विचार."

मी साहेबांना प्रश्न सांगितला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांच्या सगळं लक्षात आलं. बोरीचा बिल्ला कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच?

"मी सांगितलं नाही," ते सावकाश म्हणाले. "पण ही चाल मी आणली. माणसांना नीट समजावून दिली नाही, ही माझी चूक. त्यांना सांग, जबाबदारी माझी."

बघा आता. ते खोटं बोलले नव्हते, आणि मला वाचवतही होते. मी एवढंच वाक्य अरबीत केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. दोघांच्या मधे मी एकटा, जे मी सांगेन तेच त्यांनी ऐकायचं. माझी नोकरी, माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गावाकडचं अर्धं बांधलेलं घर, सगळं त्या एका वाक्यात बसत होतं.  आणि मग माझ्याच मनात आलं की आपण उभे कुठे आहोत. ज्या झाडाखाली हा माणूस चाळीस वर्षं खोटं न बोलण्याचं शिकत आला, त्याच्या सावलीत त्याचंच नाव वापरून मी पुन्हा एकदा सुटणार होतो.

"मी सांगितलं," मी अरबीत म्हटलं. "बिल्ला माझा आहे. ड्रायव्हर घाबरून टँकर न्यायला तयार नव्हता, रोपं मरत होती. मी खोटं बोललो. साहेबांना यातलं काही ठाऊक नाही." मग तेच इंग्रजीत साहेबांना सांगितलं.

 अबू फहदनी बिल्ला उचलून खिशात टाकला.

"पाणी आलं?"

"चार दिवस आलं."

ते उठले. "नाक्यावर मी सांगतो, की हा झाडाचा नंबर आहे आणि बागेचा सुपरवायझर गाढव आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांना पटतील." चार पावलं जाऊन ते वळले. "आजपासून बिल्ले झाडांवर. गळ्यात कुणाच्या दिसता कामा नये. खलास."

मी तिथेच मातीत बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात दोनदाच वाटलंय. दुसऱ्या वेळी बायपासनंतर शुद्धीवर आलो होतो. साहेबांनी त्यांचा थर्मास उघडून मला चहा ओतून दिला आणि पत्रं लिहायला लागले. 

असरच्या आधी हनीफ टँकर घेऊन परत आला. बिल्ला त्याला परत मिळाला होता, त्यानं तो वरच्या खिशात घातला. माझ्याकडे बघितलंही नाही. पाणी सोडलं, नळी गुंडाळली, निघून गेला. नाक्यावर त्याला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टँकरकडे गेलो. वाटलं, आता हा काही जायचा नाही. पण हनीफ गाडी पुसत होता. तावीज खोटा आहे हे माहीत असून तो निघाला होता. आणि शेजारच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन, ट्रेव्हर साहेब बसले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. लढाई संपेपर्यंत रोज ते त्याच्याबरोबर पाण्याला गेले. हे मला आधी का सुचलं नाही? मी शेजारी बसलो असतो तर खोटं बोलायची गरजच नव्हती. माझ्या साऱ्या नोकरीत एवढी एकच गोष्ट अशी आहे जी आठवली की अजून मान खाली जाते.

लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा आम्ही रडलो, एकमेकांच्या गळ्यात पडलो, गावाला फोन लावायला रांगा लावल्या. आकाश मात्र उघडलं नाही. कुवेतच्या विहिरी जळत होत्या, वारा फिरला की भर दुपारी दिवे लावायला लागायचे. पानांवर तेलकट काजळी बसायची. काजळी बसली की पान गुदमरतं. सगळी झाडं साबणाच्या पाण्यानं धुवायची ठरली. एवढं मोठं काम, तेव्हा साहेबांनी मुदीरना विचारलं की सुरू करण्याआधी आमच्या पद्धतीनं एक प्रश्न विचारू का. प्रार्थना नाही, झगा नाही, फक्त प्रश्न.

अबू फहद म्हणाले, "माझ्यासमोर करा. म्हणजे कुणी विचारलं तर मला सांगता येईल."

बोरीभोवती सगळे गोल उभे राहिलो. तलवार कुठली? साहेबांच्या कमरेला फांद्या छाटायची करवत होती, चामड्याच्या म्यानात. ती त्यांनी अर्धी उपसली. माझ्याकडून दोन हिंदी शब्द शिकून पाठ केले होते.

"अमन है?" त्यांनी पूर्वेला विचारलं. म्हातारा बंगाली माळी म्हणाला, "है." दक्षिणेला मलबारी गडी, "है." पश्चिमेला मुदीर उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, "सलाम." उत्तरेला टँकर, आणि टँकरला टेकून हनीफ.

"अमन है?"

"नाय," हनीफ म्हणाला.

कुणीतरी हसलं. साहेब अर्धी करवत उपसून तसेच उभे. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतो? विचार, का नाही." मी विचारलं. दीड महिन्यात तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"मना भ्यायलेला बगून तुमी खोटा सांगितला, कासमभाय. मंग साहेबासमोर कबूल केला, मुदीरासमोर कबूल केला. माज्यासमोर केला नाय. मी काय मानूस नाय?"

साहेब वाट बघत होते. मुदीरही. दुभाषा मीच. मी ते वाक्य आधी इंग्रजीत सांगितलं, मग अरबीत, शेवटचा प्रश्नही गाळला नाही. दोन्ही भाषांत ते तितकंच लागलं. दीड महिना मी सुटलो म्हणून अल्लाचा शुक्र करत फिरत होतो, आणि ज्याच्याशी खोटं बोललो त्याच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. वरच्यांची माफी मिळाली की हिशेब संपला, असंच मी धरून चाललो होतो.

मी गोल ओलांडून त्याच्यापाशी गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "हनीफ, माझं चुकलं. तू घाबरला होतास, मीपण घाबरलो होतो. तुला तसं सांगायचं सोडून मी तुला फसवलं. मला माफ कर."

त्यानं खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं, मग साहेबांच्या हाताकडे. करवत अजून तशीच अर्धी उपसलेली होती.

"हां," तो म्हणाला. "आता हाय. त्याला सांगा, आत घाल म्हनावं, हात दुकत असंल."

करवत खट्‌कन म्यानात गेली.  मग आम्ही बादल्या उचलल्या आणि बोरीपासूनच पानं धुवायला सुरुवात केली. पहिली नळी हनीफनं धरली.

साहेब पुढे दोन वर्षांनी वेल्सला परतले. त्यांची पत्रं येत राहिली, हातानं लिहिलेली. प्रमुखपद त्यांनी त्या नायलॉनच्या झग्याची तक्रार करणाऱ्या बाईंकडे सोपवलं. 'आता तक्रारी तिच्याकडे जातील,' एवढाच त्यावर शेरा. मला एकदा वाटलं, आपला बिल्ला हनीफकडून मागून घ्यावा. मागितलाही.

"झाड उभा हाय ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मंग तुमाला बिल्ला कशाला?"

तो आता गावाकडे टेम्पो चालवतो. गेल्या ईदला गेलो होतो तर बिल्ला टेम्पोच्या आरशाला लटकत होता, रेघोटी झिजलेली. माझ्यादेखत एका गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, चाचा, हा कसला तावीज?

"तावीज नाय," हनीफ गिअर टाकत म्हणाला. "झाडाचा नंबर हाय. ह्यांच्या झाडाचा."